उणे पंधरा अंशांतली नेमबाजी

डिसेंबर-जानेवारीत दक्षिण फिनलंडचा सूर्य कामचुकार गड्यासारखा वागतो. सकाळी साडेनऊच्या आसपास तोंड दाखवतो, पाइनच्या शेंड्यांवरून कसाबसा सरकतो आणि दुपारचे तीन वाजतात न वाजतात तोच मावळायला लागतो. हेलसिंकीहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मोटारींचे दिवे दिवसाही लावलेले असतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फाचे ढीग, तापमान उणे पंधरा आणि त्यातून सुटीचा दिवस. अशा वेळी शहाण्या माणसाने घरात बसावे, कॉफी प्यावी आणि संध्याकाळी साउना तापवावा. तरीही काही मोटारी हमरस्ता सोडून जंगलातल्या अरुंद रस्त्याला वळतात.

रस्ता संपतो तेथे एखादी जुनी रेतीची खाण असते. तीन बाजूंनी मातीचे उंच बांध, त्यांवर बर्फाची जाड दुलई, मध्ये लाकडी चौकटींच्या आणि जाळीच्या तात्पुरत्या भिंती, कोपऱ्यात धुराडे असलेली एक लाकडी खोली आणि खांबावर लाल झेंडा. झेंडा वर असला की गोळीबार चालू आहे असे समजायचे. फिनिश भाषेत अशा जागेला 'अंपुमाराता' म्हणतात, म्हणजे नेमबाजीचे मैदान. येथे खेळला जाणारा प्रकार मात्र आपल्याला परिचित असलेल्या नेमबाजीपेक्षा अगदी वेगळा आहे. त्याचे नाव प्रॅक्टिकल शूटिंग.

पळता पळता नेम

आपल्याकडे नेमबाजी म्हटले की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावे आठवतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा सारा महाराष्ट्र दूरदर्शन संचासमोर बसला होता. त्या खेळाची सारी शान निश्चलतेत आहे. श्वास रोखायचा, शरीर दगडासारखे स्थिर करायचे आणि मगच चाप ओढायचा. स्वप्नीलने पदक मिळवले ते फ्रान्समधल्या शातोरूच्या राष्ट्रीय नेमबाजी केंद्रात. याच केंद्रावर २०१७ मध्ये प्रॅक्टिकल शूटिंगची जागतिक स्पर्धा झाली होती. जागा एकच, पण खेळ दोन टोकांचे.

प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये स्थिर उभे राहणाऱ्याचा निभाव लागत नाही. कमरेच्या म्यानात पिस्तूल घेऊन खेळाडू उभा असतो. टायमरची शिटी वाजली की पिस्तूल बाहेर काढायचे आणि भिंतीच्या कडेने, खिडकीतून, कधी गुडघ्यावर बसून, कधी एका जागेवरून दुसऱ्या जागी धावत जाऊन समोरची सारी लक्ष्ये टिपायची. पुठ्ठ्याच्या प्रत्येक लक्ष्यावर सहसा दोन गोळ्या लागाव्या लागतात. पोलादी पट्टी असेल तर ती खाली पडली पाहिजे. अशा एकेका रचनेला 'स्टेज' म्हणतात. कोणत्या क्रमाने नेम धरायचा, कोठे थांबायचे, मॅगझिन कोठे बदलायचे, हे सारे खेळाडूनेच ठरवायचे. एका स्टेजची रचना दुसरीसारखी नसते.

या खेळाचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या पिस्तूलबाजांच्या हौशी स्पर्धांतून झाला. १९७६ च्या मे महिन्यात मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावी निरनिराळ्या देशांची मंडळी जमली आणि त्यांनी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष. संघटनेच्या बोधचिन्हावर तीन लॅटिन शब्द आहेत. त्यांचा अर्थ अचूकपणा, शक्ती आणि वेग. या तिघांचे एकमेकांशी पटत नाही आणि खेळाची खरी गंमत त्यातच आहे.

गुणांचे गणित पाहिले की हे लक्षात येते. लक्ष्याच्या मधल्या भागाला पाच गुण, त्याच्या बाजूला तीन, कडेला एक. ही झाली कमी ताकदीच्या काडतुसांची गुणपद्धती. जोरदार काडतुसे वापरणाऱ्याला बाजूच्या भागांत एकेक गुण जास्त मिळतो. गोळी लक्ष्याला लागलीच नाही तर दहा गुण वजा. एकूण गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे आणि जो आकडा येईल तो खरा. समजा, बारा गोळ्यांच्या स्टेजवर एकाने साठपैकी साठ गुण मिळवले, पण बारा सेकंद घेतले. त्याचा भागाकार पाच. दुसऱ्याच्या तीन गोळ्या बाजूला गेल्या, गुण चोपन्न, पण वेळ नऊ सेकंद. त्याचा भागाकार सहा. जिंकला दुसरा. पण त्याने आणखी घाई केली असती आणि एक गोळी हुकली असती, तर सारे गणित फिसकटले असते.

हे झाले उन्हाळ्यातले. आता यात बर्फ मिसळा.

दिवसभराचा गारठा, दोन मिनिटांचा खेळ

स्पर्धेत दहा-बारा जणांची तुकडी करून एकेका स्टेजवर पाठवतात. एक जण नेमबाजी करतो तेव्हा बाकीचे पाहत उभे असतात. त्याचे झाले की सारे जण लक्ष्यांकडे जातात. परीक्षक गुण मोजतात, मंडळी पुठ्ठ्यांवरच्या भोकांवर चिकटपट्टीचे तुकडे लावतात, पडलेले पोलाद उभे करतात. मग पुढचा. एका खेळाडूची प्रत्यक्ष नेमबाजी एका स्टेजवर पंधरा-वीस सेकंदांत आटोपते. दिवसात सहा स्टेज असतील तर सगळा मिळून खेळ दोन मिनिटांचा आणि बर्फात उभे राहणे पाच-सहा तासांचे!

तेव्हा हिवाळी स्पर्धेतला पहिला सामना होतो तो स्वतःच्या बोटांशी. पिस्तूल म्हणजे धातूचा ठोकळा. उणे पंधरा अंशांत तो हातात धरला की तळहातातली ऊब शोषून घेतो. बोटे आधी दुखतात, मग बधिर होतात आणि गोष्ट गंभीर होते ती तेव्हाच. दुखणारे बोट आपण कोठे आहोत हे सांगत तरी असते. बधिर बोट चापावर आहे की चापाच्या बाहेर, हे त्या बोटाच्या मालकालाही कळत नाही.

जाड हातमोजे घालावेत, असे कोणी म्हणेल. पण जाड मोज्यातले बोट चापाभोवतीच्या कडीत नीट शिरत नाही, आणि शिरले तर नको तेव्हा चाप दाबला जाण्याची भीती. म्हणून अनुभवी मंडळींची पद्धत ठरलेली असते. वर बोटे नसलेले लोकरीचे मोठे मोजे, आत पातळ मोजे आणि खिशात गरम पुड्या. आपली पाळी येईपर्यंत हात खिशाबाहेर काढायचाच नाही. नाव पुकारले की वरचे मोजे उतरवायचे आणि पंधरा-वीस सेकंदांसाठी हात थंडीच्या स्वाधीन करायचे. काही जण उजवा मोजा पूर्ण काढतात, काही जण तर्जनीचे टोक तेवढे कापून घेतात. प्रत्येकाचा आपला तोडगा असतो आणि तोच बरोबर आहे यावर त्याची श्रद्धा असते. नव्या माणसाला मात्र पहिल्याच हिवाळ्यात कळते की उन्हाळ्यात पाठ झालेली चपळाई येथे अर्धीही उरत नाही.

कपड्यांचाही तसाच पेच. ऊब हवी म्हणून लांब कोट घालावा, तर त्याखाली कमरेचे म्यान झाकले जाते. शिवाय हिवाळी कोटांच्या खालच्या कडेला घट्ट करण्याची दोरी असते आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचा मणी. काम संपल्यावर पिस्तूल म्यानात परत ठेवताना ही दोरी चापाभोवतीच्या कडीत अडकली तर काय होईल, हे सांगायला नको. दिसायला एवढीशी, पण हिवाळ्यात शस्त्र बाळगणाऱ्यांच्या अपघातांत या दोरीने आपला वाटा उचललेला आहे. म्हणून बहुतेक खेळाडू आखूड जाकीट वापरतात, दोऱ्या कापून टाकतात किंवा आत खोचतात आणि पिस्तूल म्यानात ठेवताना मान वाकवून तिकडे पाहतात. म्यानात पिस्तूल वेगाने ठेवल्याबद्दल गुण मिळत नाहीत, हे वाक्य प्रशिक्षक हजारदा ऐकवतात.

पांढऱ्यावर पांढरे

बर्फ दृष्टीलाही फसवतो. टिपायची लक्ष्ये सहसा तपकिरी पुठ्ठ्याची असतात. त्यांच्या मध्येमध्ये काही पांढरी लक्ष्ये लावलेली असतात. ती टिपायची नसतात. एखाद्या ओलिसासारखी ती तपकिरी लक्ष्याला अर्धवट झाकून उभी असतात आणि त्यांना गोळी लागली की दहा गुण वजा. हिरव्या माळावर हा पांढरा रंग लांबून उठून दिसतो. पण बांध पांढरा, जमीन पांढरी, आकाशही मळकट पांढरे आणि त्यात हे पांढरे लक्ष्य! धावता धावता ते दिसले नाही अशी तक्रार पहिल्या स्टेजवरच सुरू होते. आयोजक शहाणे असतील तर त्याच्यावर दुसऱ्या रंगाचा पट्टा ओढतात. दुपारी सूर्य बांधाच्या कडेला टेकला की तिरपी किरणे थेट डोळ्यांत येतात आणि बर्फावरूनही परततात. सकाळी ढगात नेमबाजी केलेल्या तुकडीला हा त्रास होत नाही. यात अन्याय आहे खरा. पण क्रिकेटमध्ये सकाळची ओलसर खेळपट्टी कोणाच्या वाट्याला यावी यावरही कोणाचे नियंत्रण नसते.

हल्ली अनेक पिस्तुलांवर लाल ठिपका दाखवणारी छोटी काच असते. उन्हाळ्यात ती वरदान आहे. हिवाळ्यात खेळाडूचा श्वास तिच्यावर धुके धरतो, वरून पडलेला बर्फाचा कण ठिपक्यावरच येऊन बसतो. जुन्या पद्धतीची लोखंडी माशी वापरणारे अशा दिवशी मिश्यांत हसतात. पिस्तूल थंडीतून उबदार खोलीत नेले की त्यावर दव जमते आणि पुन्हा बाहेर आणले की त्याचे बर्फ होते. म्हणून कॉफी प्यायला आत गेलेला खेळाडू हत्यार बरोबर नेऊन शेगडीजवळ ठेवत नाही. त्याची पेटी दिवसभर गारच राहते. त्यावरचे तेलही नेहमीचे चालत नाही. घट्ट तेल थंडीत मधासारखे होते आणि पिस्तुलाचा वरचा भाग आळसावतो. पातळ तेलाचा एखादा थेंब, तोही पुसून काढलेला, एवढेच पुरते.

मॅगझिन बदलताना रिकामे मॅगझिन जमिनीवर पडू द्यायचे, ही या खेळातली रीत. पण जमिनीवर फूटभर भुसभुशीत बर्फ असेल तर मॅगझिन त्यात गडप होते. शोधून काढावे तर त्याच्या तोंडात बर्फ दाबून बसलेला. तो कमरेच्या उबेने वितळतो, पुढच्या स्टेजपर्यंत पुन्हा गोठतो आणि आतली स्प्रिंग जागच्या जागी अडकते. म्हणून खिशात एक लहान ब्रश आणि कोरडे फडके हवेच. कागदी चिकटपट्ट्यांचेही तेच. दवाने ओलावलेल्या पुठ्ठ्यावर त्या चिकटत नाहीत. मग स्टेपलर काढायचा. ओला बर्फ पडत असेल तर लक्ष्यांना पारदर्शक पिशव्या घालायच्या आणि गोळीची भोके पिशवीतून शोधत बसायचे.

दारूचा स्वभाव

लोकांना सर्वांत नवल वाटते ते काडतुसांचे. थंडीचा त्यांच्यावरही परिणाम होतो. बंदुकीची दारू गार असली की थोडी सावकाश जळते, नळीतला दाब कमी होतो आणि गोळीचा वेग घटतो. रोजच्या सरावात हे जाणवतही नाही. स्पर्धेत मात्र जाणवते, कारण काडतुसाच्या ताकदीला नियमाने किमान मर्यादा घातलेली आहे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये, वेग सेकंदाला फुटांमध्ये, त्यांचा गुणाकार करून हजाराने भागायचे. उत्तर निदान १२५ आले पाहिजे. नाही तर कोणीही हलकीफुलकी, धक्का न देणारी काडतुसे आणेल आणि पिस्तूल स्थिर ठेवून बाजी मारून जाईल.

आता १२४ ग्रेनची गोळी घ्या. सेकंदाला १०२० फूट वेग असेल तर आकडा येतो साडेएकशेसव्वीस. पास! तीच गोळी कडाक्याच्या थंडीत १००० फुटांवर आली तर आकडा बरोबर १२४. नापास! आणि ज्याची काडतुसे नापास होतात त्याला स्पर्धेत नेमबाजी करता येते, पण गुण मिळत नाहीत. म्हणजे दिवसभर गारठायचे आणि निकालपत्रात शून्य. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक खेळाडूची आठ काडतुसे काढून घेतात आणि वेगमापक यंत्रासमोर तपासतात. म्हणून घरी स्वतःची काडतुसे भरणारे लोक, आणि या खेळात असे पुष्कळ असतात, हिवाळ्यासाठी दारूचे माप थोडे वाढवून ठेवतात. उन्हाळ्यात काठावर पास होणारे माप जानेवारीत दगा देते.

या बाबतीत फिन्निश खेळाडूंना घरच्या मैदानाचा फायदा आहे. मध्य फिनलंडमध्ये युवास्क्युला शहराजवळ लाउका भागात विहतावुओरी नावाचे गाव आहे. १९२० च्या दशकात तेथे सरकारी दारूचा कारखाना उभा राहिला. आज या गावाच्या नावाचा शिक्का असलेले डबे जगभरच्या प्रॅक्टिकल शूटिंगवाल्यांच्या टेबलांवर दिसतात. जेथे हिवाळा हीच कसोटी आहे तेथे तयार झालेली दारू थंडी-उन्हात फार बदलू नये, हे ओघानेच आले. याउलट एक गंमत. २०१४ ची जागतिक स्पर्धा अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या ज्या गावी झाली त्याचे नावच फ्रॉस्टप्रूफ, म्हणजे हिमबाधा न होणारे!

पिस्तूल रिकामे, म्यान बंद

स्पर्धेच्या मैदानावर हिंडताना एक गोष्ट पाहुण्याला चकित करते. शंभरेक माणसे कमरेला पिस्तूल लावून फिरत असतात, पण एकाही पिस्तुलात गोळी नसते. गोळी भरायची ती फक्त स्टेजच्या आत, रेंज ऑफिसरने सांगितल्यावर आणि त्याच्या डोळ्यांदेखत. नेमबाजी संपली की पिस्तूल रिकामे करून त्याला दाखवायचे, समोरच्या बांधाकडे रोखून चाप ओढायचा आणि मगच ते म्यानात. म्यानातून पिस्तूल काढून पाहायचे असेल, पुसायचे असेल तर त्यासाठी आखून दिलेली वेगळी जागा असते. तेथे काडतुसाला हात लावण्याची बंदी. या पद्धतीला खेळाडू 'कोल्ड रेंज' म्हणतात, मग हवा चाळीस अंशांची का असेना.

चूक झाली तर दंड काय? पुढे सरकताना बोट चापाच्या कडीत दिसले, स्पर्धेतून बाद. पिस्तुलाचे तोंड आखलेल्या मर्यादेपलीकडे, म्हणजे साधारण खांद्याच्या रेषेच्या मागे वळले, बाद. पिस्तूल हातातून पडले, बाद. एक स्टेज नव्हे, संपूर्ण स्पर्धा संपली. आणि हिवाळ्याने येथेच सापळा लावलेला असतो. बर्फावर पाय घसरला की माणूस तोल सावरण्यासाठी नकळत हात फेकतो. भाजीची पिशवी हातात असेल तर बटाटे सांडतात. पिस्तूल हातात असेल तर त्याचे तोंड अर्ध्या सेकंदात भलतीकडे वळते. बाद झालेला माणूस पंधराशे रुपयांच्या बुटांना खिळे लावून घ्यायचा आळस केला म्हणून हळहळतो, पण बहुधा वाद घालत नाही. पिस्तूल पेटीत जाते आणि तो उरलेला दिवस इतरांच्या लक्ष्यांवर पट्ट्या चिकटवत काढतो. थंडीची सबब सांगून सूट मागण्याची सोय नियमपुस्तकात नाही. हवामान धोकादायक वाटले तर मुख्य अधिकारी स्पर्धा थांबवू शकतो, पण बोटासाठी वेगळा हिवाळी नियम नाही.

इतका कडकपणा कशासाठी, हे समजून घ्यायचे तर या देशाच्या दोन जखमा पाहाव्या लागतात.

फिनलंडची लोकसंख्या सुमारे ५६ लाख आणि परवाना असलेली शस्त्रे पंधरा लाखांच्या घरात. त्यांतली बहुसंख्य शिकाऱ्यांच्या बंदुका आणि रायफली आहेत. अनेक पिढ्या हा शांत, विश्वासाचा व्यवहार होता. मग ७ नोव्हेंबर २००७ रोजी योकेलाच्या शाळेत एका विद्यार्थ्याने आठ जणांचा जीव घेतला. वर्षही पुरते उलटले नव्हते, तोच २३ सप्टेंबर २००८ रोजी काउहायोकी येथे आणखी एका विद्यार्थ्याने दहा जणांना मारले. दोघांनीही नंतर स्वतःवर गोळी झाडून घेतली. दोन्ही वेळा हाती होते ते परवाना घेऊन विकत आणलेले पिस्तूल. आपल्याच मुलांनी, आपल्याच कायद्याने दिलेल्या शस्त्राने हे केले, हा धक्का लोकांना पचवता आला नाही. खेळासाठी का होईना, पिस्तूल कोणाच्या हाती द्यावेच कशाला, असा प्रश्न विचारला गेला आणि तो चुकीचा नव्हता.

२०११ मध्ये कायदा बदलला. पिस्तुलासाठी वयाची अट वीस वर्षे झाली. निदान दोन वर्षे नियमित सराव केला असल्याचे क्लबच्या प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र लागू लागले. पहिला परवाना ठरावीक मुदतीचाच. स्वसंरक्षण हे कारण तर त्या आधीपासूनच परवान्याला चालत नव्हते. त्यावर प्रॅक्टिकल शूटिंगच्या स्पर्धेत उतरण्यापूर्वी वेगळा सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. आता त्या प्रशिक्षकाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. दोन वर्षे शेजारी उभा राहून नेम धरणारा तरुण कसा आहे, रागीट आहे का, एकलकोंडा आहे का, बोलावले तर कॉफीला येतो का, हे त्यालाच पाहायचे असते. कागदावर सही त्याची असते. बधिर बोटांनी पिस्तूल कसे हाताळतो हे पाहण्यासाठी जानेवारीतल्या स्पर्धेसारखी दुसरी जागा नाही. थंडीने कुडकुडणारा, चिडलेला, निकालात मागे पडलेला माणूस तेव्हाही नियम पाळतो का? उबदार दिवशी सारेच शहाणे असतात.

तरीही प्रश्न मिटला असे नाही. एप्रिल २०२४ मध्ये व्हांताच्या एका शाळेत बारा वर्षांच्या मुलाने नातलगाचे शस्त्र आणून एका वर्गमित्राला ठार केले, दोघींना जखमी केले. परवान्याच्या अटी कितीही कडक केल्या तरी घरातल्या कपाटाच्या किल्लीपाशी सारे येऊन थांबते.

सरहद्दीचे सावट

फिनलंडची रशियाशी सुमारे १३४० किलोमीटरची सरहद्द आहे. पुरुषांना लष्करी सेवा सक्तीची. ३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत सैन्य चालून आले आणि मार्च १९४० पर्यंत जे हिवाळी युद्ध झाले, त्याच्या आठवणी घरोघरी आहेत. त्या युद्धातला सिमो हाय्हा हा राउत्यार्वीचा शेतकरी जगातला सर्वांत धास्ती वाटणारा नेमबाज मानला जातो. पाचशेहून अधिक बळी त्याच्या नावावर मांडतात. त्याच्या युक्त्या आजचा हिवाळी खेळाडूही ओळखेल. दुर्बिणीची काच धुके धरते म्हणून साधी लोखंडी माशी. बंदुकीच्या नळीखालचा बर्फ थापून घट्ट केलेला, म्हणजे गोळी सुटताना भुकटी उडायला नको. श्वासाची वाफ दिसू नये म्हणून तोंडात बर्फ. युद्धापूर्वी तोही नेमबाजीच्या स्पर्धांतच भाग घेत असे. २००२ साली, शहाण्णव वर्षांचा होऊन तो वारला. त्याच्या गावाकडे मिएत्तिला येथे छोटेसे संग्रहालय आहे.

म्हणजे हा खेळ की युद्धाची तालीम? आंतरराष्ट्रीय संघटनेचे उत्तर स्पष्ट आहे. खेळाडूंनी लष्करी चट्टेपट्टे असलेले कपडे घालू नयेत, असे नियमपुस्तकच सुचवते. फिनलंडमध्ये मात्र याच धर्तीवर राखीव सैनिकांचा वेगळा खेळही आहे आणि त्यात रायफल, पिस्तूल, लष्करी पोशाख सारे चालते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यापासून तिकडे गर्दी वाढली. एप्रिल २०२३ मध्ये देश नाटोत सामील झाला आणि २०२४ मध्ये सरकारने नेमबाजीच्या मैदानांची संख्या सुमारे ६७० वरून दशकाअखेरीस हजारापर्यंत नेण्याचा इरादा जाहीर केला. ज्या पिस्तुलाकडे २००८ मध्ये संशयाने पाहिले जात होते, त्याच्याकडे आता वेगळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले. या बदलाने क्लबची मंडळी खूश असतील, पण प्रशिक्षकाच्या सहीचे ओझे त्याने कमी झालेले नाही. उलट दारात उभे राहणारे नवखे वाढले आहेत.

शेकोटी, सूप आणि निकाल

दुपारच्या सुटीत सारे जण लाकडी खोलीकडे किंवा शेकोटीकडे धावतात. दरडोई कॉफी पिण्यात हा देश जगात अगदी वरच्या क्रमांकावर आहे आणि याचा प्रत्यय येथे येतो. काठीला टोचून भाजलेले सॉसेज, राय धान्याचा काळा पाव आणि नशीब चांगले असेल तर वाटाण्याचे घट्ट सूप. लष्करी पद्धतीच्या चाकांवरच्या चुलीत ते शिजवतात. तिच्या धुराड्यामुळे तिला गमतीने 'सोप्पात्युक्की', म्हणजे सुपाची तोफ म्हणतात. मैदानावरची ही एकच तोफ जिच्यासमोर सारे आपण होऊन उभे राहतात. शाकाहारी पाहुण्याने मात्र आधी विचारून घ्यावे, कारण त्या सुपात सहसा डुकराचे मांस असते.

कोणा भारतीय प्रवाशाला अशी स्पर्धा पाहायची असेल तर क्लबला आधी कळवून जावे. डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षक घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. बुटाचा तळ जाड हवा, कारण गारठा वरून नव्हे, पायांतून चढतो. फोनची बॅटरी आतल्या खिशात ठेवावी, नाही तर पहिल्या छायाचित्रालाच ती मान टाकते. आणि आवाजाची फार धास्ती घेऊ नये. ताजा भुसभुशीत बर्फ पडलेला असला की जंगल गोळीचा आवाज पिऊन टाकते. उन्हाळ्यात कानठळ्या बसवणारा बार हिवाळ्यात उशीवर काठी मारल्यासारखा वाटतो.

तीनच्या सुमारास उजेड जाऊ लागतो. शेवटच्या तुकडीची घाई होते, रेंज ऑफिसर मात्र घाई करत नाही. त्याची वाक्ये सकाळी होती तीच, त्याच सुरात. तयार आहात? सज्ज राहा. शिटी. बार. पिस्तूल रिकामे करून दाखवा. मग जाळ्या गुंडाळल्या जातात, चौकटी छपराखाली जातात, लाल झेंडा उतरतो आणि मोटारीच्या दिव्यांच्या उजेडात निकाल फोनवर पाहिले जातात.

एकच गोष्ट मैदानावर मागे राहते. रिकाम्या पुंगळ्या! त्या पुन्हा भरता येतात, म्हणून एरवी नेमबाज त्या वेचून घेतो. पण गरम पुंगळी बर्फावर पडली की आपले बीळ करून खाली जाते आणि वर बोटभर भोक तेवढे दिसते. कोणी चाळणी घेऊन प्रयत्न करतो आणि गारठून सोडून देतो. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की क्लबचे सभासद खराटे आणि बादल्या घेऊन येतात. हिवाळ्यातल्या साऱ्या स्पर्धांच्या पुंगळ्या, काळवंडलेल्या, कोणाच्या कोणत्या ते न कळणाऱ्या, चिखलात एकत्र पडलेल्या असतात. त्यांच्यात कधी हरवलेले एखादे मॅगझिनही सापडते.